कॉन्व्हेंटची पायरी आणि कच्चा विद्यार्थी

प्रवेशाचे दिवस जवळ आले की खानदेशातील नोकरदार घरांतून एक विचार हमखास डोके वर काढतो. मुलगा सातवीत गणितात व इंग्रजीत मागे पडला आहे. त्याला कॉन्व्हेंटमध्ये घातले तर? धुळ्याचे कनोसा, जळगावचे सेंट जोसेफ, भुसावळचे सेंट अलॉयसिअस ही नावे मग आपोआप निघतात. सिस्टर मंडळींची शिस्त, वेळेचा काटेकोरपणा, वह्यांची तपासणी यांचा लौकिक पोकळ आहे असे कोणी म्हणणार नाही.

परंतु पालक ज्या निकालांवर भाळतात, ते अध्यापनाचे फळ की प्रवेशाच्या वेळी झालेल्या निवडीचे, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. वेचून घेतलेल्या कापसाचे सूत चांगले निघाले, तर सारे श्रेय चातीला कसे द्यावे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावण्यास मनाई केली. पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नसल्याचा निर्णय दिला. (२०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निर्णयाविषयीच शंका नोंदवली, हे खरे.) तेव्हा ज्या मुलासाठी ही धडपड चालते, तोच चाळणीत गळण्याचा संभव अधिक.

समजा, प्रवेश मिळाला. घरी अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत सात वर्षे मराठी, आणि आठवीत एकदम इंग्रजीतून विज्ञान! ज्याला अपूर्णांक मराठीतून उमगला नाही, त्याला तो इंग्रजीतून उमगेल ही आशा कशाच्या बळावर करायची? बालवर्गापासून तेथे शिकलेल्या मुलाची गोष्ट निराळी. येथे मात्र शुल्काखेरीज शिकवणीचा खर्च येतो, आणि मुलाचा आत्मविश्वास खचतो तो हिशेबात कोणी धरीत नाही.

कच्च्या मुलाला हवा असतो तो त्याची नेमकी अडचण ओळखणारा शिक्षक. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते. वसतिगृहातील मुलांत ते कसे मिसळून गेले होते, हे खानदेशाला नव्याने सांगावयास नको. असा शिक्षक मिशनच्या शाळेत भेटेल, तसाच जिल्हा परिषदेच्या शाळेतही भेटेल. तो जेथे असेल तेथे मुलाला खुशाल घालावे. कॉन्व्हेंटमध्ये असेल, तर कॉन्व्हेंटमध्ये.

मात्र चौकशी करताना नुसती निकालाची टक्केवारी विचारू नये. नववीत अडकलेल्या मुलाला १७ नंबरचा अर्ज भरून दहावीला बाहेरून बसण्याचा सल्ला देण्याची रीत मराठी-इंग्रजी दोन्ही माध्यमांच्या शाळांतून आढळते. तो मुलगा मग शाळेच्या निकालात दिसतच नाही. म्हणून मुख्याध्यापकांना एवढेच विचारावे : आठवीत किती मुले होती, आणि त्यांपैकी किती याच शाळेतून दहावीला बसली?