आधी थांबायचं बघा, मग पळायचं

जबलपूर म्हटलं की घरच्यांना भेडाघाट आठवतो. संगमरवराचे कडे, नर्मदेवरचा धुवांधार, नावेतून फेरी. फौजेतल्या माणसाला, त्यातही ईएमईवाल्याला, जबलपूर म्हणजे कारखान्यांचं गाव. १९०४ पासूनची गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाची दारूगोळा फॅक्टरी, ५०६ आर्मी बेस वर्कशॉप आणि १९६९ साली उभी राहिलेली व्हेइकल फॅक्टरी. शक्तिमान, निसान वन टन, जोंगा या ज्या गाड्यांमागे आमच्या आधीच्या पिढीनं आयुष्य काढलं, त्या याच गावच्या. इथल्या कँटोन्मेंटमध्ये संध्याकाळी चार जण बसले की विषय गाडीवरच येतो. म्हणून आजचा लेखही गाडीवरच.

विषय असा. फौजेतल्या तरुण पोरांमध्ये सध्या जुनी पोलो जीटी, पुंटो अबार्थ किंवा ऑक्टाव्हिया घ्यायची आणि घरच्या घरी तिची ताकद वाढवायची हौस आहे. हौस वाईट नाही. मी स्वतः पाना हातात घेतल्याशिवाय रविवार घालवत नाही. माझा वाद हौसेशी नाही, यादीशी आहे. ही पोरं कामाची जी यादी करतात, ती बहुतेक वेळा उलटी असते.

आमच्याकडच्या एका क्राफ्ट्समननं मला त्याची यादी दाखवली. पोरगा सातारकडचा, हाताला चांगला, सहा वर्षं नोकरी झालेली. कर्ज काढून जुनी पोलो जीटी टीएसआय घेतलेली. यादी अशी : पहिलं रीमॅप, दुसरं फ्री-फ्लो फिल्टर, तिसरं मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, चौथं सतरा इंची अलॉय, पाचवं गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. मी विचारलं, "यात ब्रेक कुठं आहे रे?"

"साहेब, ब्रेक तर चांगले आहेत."

"टायर कधीचे?"

"गाडीबरोबर आलेत, साहेब. नक्षी आहे अजून."

सगळा प्रश्न एवढाच आहे. ताकद दिसते, ऐकू येते, मित्रांना सांगता येते. ब्रेक कुणाला दाखवता येत नाही.

यावर जबलपूरचंच उदाहरण देतो. जोंगा हे नाव जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या शब्दांतून आलं. मूळ गाडी निसानची पॅट्रोल, मॉडेल पी-६०. आत सहा सिलिंडरचं ३९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. ज्यांनी ती चालवली आहे त्यांना तिची तहान माहीत आहे. फौजेतून लिलावात निघालेल्या जोंगा लोकांनी हौसेनं घेतल्या. २०१९ साली महेंद्रसिंह धोनीनं रांचीत एक आणली, तेव्हा नव्या पिढीलाही हे नाव कळलं. पेट्रोल परवडेना म्हणून कित्येकांनी त्यात मिळेल ते डिझेल इंजिन बसवलं. आता विचार करा. इंजिन जड झालं म्हणजे गाडीचं नाक जड झालं. पुढच्या पाट्यांवरचा भार बदलला, माऊंटिंगवरचा ताण बदलला, गिअरबॉक्सकडे येणारा टॉर्क बदलला. ब्रेक मात्र तेच ड्रम, तेही वर्षानुवर्षं वापरलेले. गाडी सुरू होते, चढ चढते, मालक खूश. उतारावर काय होतं ते विचारायचं नाही. व्हेइकल फॅक्टरीनं स्वतः १९९६ मध्ये हिनोचं डिझेल इंजिन घातलेली जोंगा नागरिकांसाठी काढली होती. पण कारखान्यानं इंजिन बदलणं आणि कुणी पत्र्याच्या शेडमध्ये ते बदलणं यात फरक आहे. कारखान्यात बदलाबरोबर ड्रॉइंग बदलतं. शेडमध्ये फक्त इंजिन बदलतं.

हेच आजच्या पोलोला लागू पडतं. चाकणला बनलेल्या या जीटी टीएसआयचं पहिलं इंजिन ११९७ सीसीचं, १०५ पीएस आणि १७५ न्यूटन-मीटरचं. त्याला सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स, तोही कोरड्या क्लचचा. या गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. म्हणजे कंपनीनं मध्ये बरीच जागा सोडली आहे. रीमॅपवाला विकतो ती हीच सोडलेली जागा. पण ती फुकट पडलेली नव्हती. ती मे महिन्याच्या उन्हासाठी, भेसळीच्या पेट्रोलसाठी, ट्रॅफिकमध्ये सारखा अर्धवट घासणाऱ्या क्लचसाठी ठेवलेली होती. ती खाल्ली की ताकद मिळते, पण गाडीकडे शिल्लक काही राहत नाही. फौजेत राखीव तुकडी पहिल्याच दिवशी लढाईत घालणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

आता थोडा हिशोब. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. ८० वरून १०० वर गेलो तर वेग पाव पटीनं वाढला, पण ब्रेकनं जिरवायची ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढली. १०० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा. कोरड्या रस्त्यावर बऱ्या टायरनं नंतर साधारण ५५ मीटर लागतात. एकूण ८३. तोच वेग १२० असेल तर ११२ मीटर. टायर कडक झालेले असले किंवा रस्ता ओला असला की हे आकडे आणखी वाढतात. इथून सुट्टीवर निघालेली आमची विदर्भातली पोरं लखनादौनपर्यंत ३४ नंबरचा हायवे आणि पुढे ४४ नंबर धरून सिवनी, कुरई घाट करत नागपूरला उतरतात. पेंचच्या जंगलात जनावरांना खालून जाता यावं म्हणून रस्ता उचलून घेतला आहे. तिथं रस्ता असा गुळगुळीत की काटा कधी १२० वर गेला ते कळत नाही. पण सगळा रस्ता उचललेला नाही. गावाजवळ म्हैस आडवी येते, ट्रॅक्टर उलट्या बाजूनं येतो. तिथं वाढवलेले तीस घोडे कामाचे नाहीत. ते २९ मीटर कामाचे आहेत.

म्हणून माझी यादी अशी, आणि क्रम बदलायचा नाही.

पहिलं काम गाडी मूळ हालतीत आणणं. जुनी गाडी घेतली की आधीच्या मालकानं काय केलंय ते देवाला माहीत. ऑइल, कूलंट, प्लग, बेल्ट, माऊंटिंग, बुश, शॉकअप, सगळं तपासा. झिजलेल्या बुशवर ताकद वाढवणं म्हणजे ताप असलेल्या जवानाला बीपीईटीला उभं करणं.

दुसरं काम टायर. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३५१९ असेल तर २०१९ सालातला पस्तिसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर टायर कायद्यानंही बाद. पण नक्षी असली तरी उन्हात वर्षानुवर्षं उभं राहिलेलं रबर कडक होतं, आणि कडक रबर पकडत नाही. सतरा इंची अलॉयचे पैसे चांगल्या टायरवर घाला. १८५/६० आर १५ च्या जागी १९५/५५ आर १५ घातला तर चाकाचा व्यास जवळपास तोच राहतो, स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. मोठ्या रिमवरचा पातळ टायर पहिल्या खड्ड्यात रिम वाकवतो.

तिसरं काम ब्रेक. सुरुवात ब्रेक ऑइलपासून. हे हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट-४ कोरडं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ वर येते. घाटात सारखा ब्रेक दाबत उतरताना ते उकळलं तर पॅडल मऊ पडतं आणि पाय जमिनीला टेकतो. ऑइल बदलणं हे या यादीतलं सगळ्यात स्वस्त काम आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारंही. मग डिस्कची जाडी मोजा. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदला. नवे पॅड रिकाम्या रस्त्यावर बसवून घ्या : साठवरून वीसवर, आठ-दहा वेळा, मध्ये गार होऊ देत.

चौथं, हत्यारं. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय तर अजिबात नाही. टॉर्क रेंच घ्या. पोलोच्या चाकाचा बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. "उभं राहून एक दाब दिला" हे माप नाही.

पाचवं, वही. फौजी गाडीत कुणी मनानं बदल करत नाही. लेखी हुकूम येतो, काम होतं, नोंद होते. घरच्या गाडीलाही तेच लावा. एका वेळी एकच बदल, तारीख, किलोमीटर, काय काढलं, काय घातलं. एकदम चार गोष्टी बदलल्या आणि आवाज यायला लागला, तर शोधणार कुठं? आणि वर्कशॉपचा दुसरा नियम : ज्यानं काम केलं त्यानंच ते पास करायचं नाही. ब्रेकचं काम केलं असेल तर दुसऱ्या जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही. स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्याला दिसत नाही.

एवढं झाल्यावर गाडी चालवून बघा. निम्म्या लोकांना मग रीमॅपची गरजच वाटत नाही, कारण गाडी पहिल्यांदाच कंपनीनं बनवली तशी धावत असते.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातल्या नोंदी कंपनीच्या मूळ नोंदींपेक्षा वेगळ्या होतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या प्रकरणात हेच पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं. बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दंड भरून सुटता येईल, पण विमा कंपनीला न सांगितलेला बदल अपघातानंतर दावा नाकारायला कारण ठरू शकतो. तेव्हा कर्जाचा हप्ता चालू राहतो आणि गाडी भंगारात असते. त्या पोराला मी हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. हप्ता त्याच्या पगारातून जातो आणि त्याच पगारातून गावी पैसे जातात.

इथं सरकारलाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. सायलेन्सर, स्प्रिंगा, दिवे, क्रॅश गार्ड दुकानात उघड विकले जातात आणि गुन्हेगार ठरतो तो बसवणारा. जर्मनीत सुट्या भागाला मान्यतेचा कागद असतो, किंवा टीयूव्हीसारख्या संस्थेकडून तपासून बदलाची कागदोपत्री नोंद करून घेता येते. चांगला भाग, नीट बसवलेला, तपासलेला असेल तर रस्ता मोकळा. आपल्याकडे सीएनजी किटसाठी मान्यता आणि नोंदीची वाट आहे, मग चांगल्या ब्रेकसाठी आणि सस्पेन्शनसाठी का नको? सरसकट बंदीनं हौस थांबत नाही. ती अंधाऱ्या शेडमध्ये जाते, आणि तिथं तपासणारा कुणी नसतो. पण जोवर अशी वाट नाही, तोवर आहे तो कायदा पाळायचा. वर्दीतल्या माणसाला यात निवड नाही.

माजी सैनिक वाचकांना एक विनंती. तुमच्याकडे येणारा भाचा, पुतण्या, शेजारचा पोरगा गाडीची यादी दाखवेल तेव्हा "कशाला पैसे उडवतोस" म्हणून त्याला झटकू नका. झटकलेला पोरगा मोबाईलवरच्या व्हिडिओकडे जातो. त्याला बसवा, फर्स्ट परेड कशी घ्यायची ते दाखवा, बोनेटखाली हात काळे करू द्या. हाताला काम कळलं की गाडीबद्दल आदर येतो, आणि आदर आला की पाय आपोआप हलका होतो.

आणि तरुणांनो, तुमच्या सुट्टीचा पहिला दिवस रस्त्यावर जातो. घरी आई दुपारपासून दाराकडे बघत असते. ती गाडी किती घोड्यांची आहे हे तिला माहीत नाही, माहीत करूनही घ्यायचं नाही. ताकद वाढवायची तर जरूर वाढवा, कायद्यात बसेल तेवढी. फक्त थांबण्याची सोय आधी करा.

जय हिंद.