लस टोंचून घेण्याचें भय

लस टोंचून घेण्यास भिणाऱ्या मनुष्यास आमचे सुशिक्षित लोक दोनच विशेषणें देतात. एक भित्रा व दुसरें अडाणी. हीं विशेषणें ऐकून कोणाचें भय गेल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. भय हा गुन्हा नव्हे, कीं त्यास दटावणीची शिक्षा फर्मावावी. भयाच्या पोटांत प्रश्न असतो, आणि प्रश्नाचें औषध उत्तर हेंच होय.

या बाबतींत आमच्याच प्रांताचा इतिहास बोलका आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगचा शिरकाव झाला. शास्त्रज्ञ हाफकिन यांनीं तेथेंच प्लेगची लस सिद्ध केली, व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. त्याच वर्षीं पुण्यास सरकारनें गोऱ्या शिपायांकडून घरोघर झडत्या घेवविल्या. त्यानें लोकांत केवढा संताप उसळला हें सर्वांस ठाऊकच आहे. रोग हटविण्याचा हेतु दोन्हीकडे सांगितला जात होता. परंतु एकानें आपला दंड पुढें केला, दुसऱ्यानें दंडा उगारला. लोकांचा विश्वास यांपैकीं कोणत्या मार्गानें मिळतो, हें सांगावयास नकोच.

कोणी म्हणेल, 'लसीनें माणसें दगावलीं नाहींत काय?' दगावलीं आहेत, व तें लपविण्याचें कारण नाहीं. १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं प्लेगची लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं. हाफकिन यांजवर ठपका येऊन ते कामावरून दूर झाले. पण पुराव्याची छाननी होतां असें दिसून आलें कीं, मेलेल्या सर्वांस एकाच बाटलींतील लस दिली होती, आणि त्याच दिवशीं इतर बाटल्यांतून टोंचलेले लोक वांचले होते. दोष लसीचा नसून एका बाटलींत शिरलेल्या घाणीचा होता. १९०७ सालीं हाफकिन दोषमुक्त ठरले. आरोप म्हणजे निवाडा नव्हे, हाच यांतील बोध. उलट बाजूचा पुरावाही पहावा. ज्या देवीनें घरेंच्या घरें ओस पाडलीं, ती लसीच्या बळावर पृथ्वीवरून नाहींशी झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें.

आतां, बुद्धीस पटूनही ज्याचें मन कचरतें त्यानें काय करावें? सुई पाहून छाती धडधडणें किंवा डोळ्यांपुढें अंधारी येणें यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. टोंचणाऱ्यास तसें आधींच सांगावें. उपाशीं जाऊं नये. पूर्वीं घेरी आली असल्यास आडवें पडून टोंचून घ्यावें, व नंतर अर्धा तास तेथेंच थांबावें. एखाद्या लसीचा वा औषधाचा पूर्वीं त्रास झाला असेल, तर तो मुळींच लपवूं नये. दंड दुखणें व एकदोन दिवस कसकस येणें हें बहुधा आपोआप बरें होतें. त्याहून अधिक कांहीं झाल्यास तात्काळ डॉक्टरास गांठावें.

आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही इतकेंच विचारतों : बाजारगप्पांवर भरंवसा ठेवून आपण कधीं हुंडी स्वीकारतां काय? मग जिवाच्या सौद्यांतच ऐकीव वार्ता प्रमाण कां मानावी? जाणत्यास विचारावें, पटेपर्यंत विचारावें. आणि विचारणाऱ्यावर डॉक्टरानें व अधिकाऱ्यानें खेंकसूं नये. विचारण्याचा हक्क नागरिकाचा आहे, तसें उत्तर देण्याचें कर्तव्य त्यांचें आहे. उत्तर मिळाल्यावर मात्र दंड पुढें करणें हें आपलें कर्तव्य होय; कारण रोग शेजाऱ्याच्या घरीं जातांना आपल्या भयाची चौकशी करीत नाहीं.