माहुलनंतर आता देवनार

धारावीच्या पुनर्विकासात मोफत घरासाठी ‘अपात्र’ ठरणाऱ्या कुटुंबांसाठी राज्य मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये देवनार कचराभूमीतील सुमारे १२४ एकर जागा मंजूर केली. १९२७ पासून मुंबईचा कचरा तिथे पडतो आहे. आतल्या आत कुजणाऱ्या ढिगांतून मिथेन निघतो. जानेवारी २०१६ मध्ये हे ढीग पेटले, तेव्हा कित्येक दिवस धूर हटला नव्हता. कचराभूमीत आणि तिच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत घरे, शाळा, रुग्णालये नकोत, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तरीही हीच जागा सरकारला सुचली.

कचरा हटवून जमीन साफ करू, हे उत्तर तयार आहे. पण धोका ठाऊक असूनही लोकांना तिथे पाठवण्याचा मुंबईतल्याच माहुलचा अनुभव ताजा आहे. तिथली हवा रहिवाशांच्या आरोग्याला धोकादायक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच नोंदवले होते. त्यानंतरही तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून हजारो कुटुंबे तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्यांशेजारच्या इमारतींत नेऊन टाकली. दम लागणे, त्वचारोग, क्षय यांच्या तक्रारी घरोघरी सुरू झाल्या. बायाबापड्या मुलाबाळांसह विद्याविहारच्या फुटपाथवर येऊन बसल्या. अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की, माहुलला जायची सक्ती नको. दुसरे घर देता येत नसेल तर दरमहा १५ हजार रुपये भाडे द्या. तोवर गेलेला जीव आणि गेलेले आरोग्य कोणी भरून दिले?

विषारी जागा कोणाच्या वाट्याला येतात, हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेत वॉरेन काउंटीतल्या कृष्णवर्णीय वस्तीजवळ विषारी माती पुरण्याविरुद्ध १९८२ मध्ये लोक ट्रकपुढे आडवे झाले आणि प्रदूषणातल्या वंशभेदाविषयी तिथे उघडपणे बोलले जाऊ लागले. आपल्याकडे वंशाची जागा जात आणि धर्म घेतात. कचरा कोणी उचलायचा हे जिथे जन्माने ठरत आले, तिथे कचऱ्याशेजारी कोणी राहायचे हेही ठरून जाते. कचराभूमीलगतच्या गोवंडी-देवनारच्या गल्ल्यांत प्रामुख्याने दलित आणि मुस्लिम कष्टकरीच का भेटतात, याचे उत्तर नगररचनेच्या नकाशाइतकेच या सवयीत आहे.

कोण कधीपासून झोपडीत राहतो, यावर मोफत घराचा हक्क ठरवता येईल. स्वच्छ हवेचा हक्क त्यावर ठरत नाही. मंत्रिमंडळाने देवनारचा निर्णय मागे घ्यावा, धारावीच्या परिसरातच या कुटुंबांसाठी भाड्याची घरे राखावीत आणि गोवंडीकरांच्या प्रकृतीची तपासणी महापालिकेने तातडीने हाती घ्यावी.