मोडली तरी झोप लागेल अशी गाडी

गेल्या रविवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेतोय तोच मित्राचा फोन. "अरे, एक लोटस एलिस मिळतेय. २००५ची, पिवळी. घेऊ ना?" विचारण्याचा सूर असा, की निर्णय झालेला आहे, फक्त कुणीतरी 'हो' म्हणायचं बाकी आहे. साखरपुडा झाल्यावर "मुलगी कशी वाटली?" विचारतात ना, अगदी तसा!

मी म्हटलं, "नको." पलीकडे शांतता. मग पाऊण तास वाद. चहा गार झाला, बायकोने दोनदा डोकावून पाहिलं आणि शेवटी "बघू" वर फोन संपला. फोनवर मुद्देसूद बोलणं मला कधीच जमत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी ट्रॅक डे म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. इथे उत्तर कॅलिफोर्नियात थंडरहिल, सोनोमा, लगुना सेका असे रेसचे ट्रॅक आहेत. एखादा क्लब दिवसभरासाठी ट्रॅक भाड्याने घेतो आणि तुम्ही पैसे भरून आपापली गाडी घेऊन जायचं. सकाळी गाडी तपासतात, अनुभवाप्रमाणे गट पाडतात आणि साधारण वीस-वीस मिनिटांच्या चार-पाच फेऱ्या मिळतात. नवशिक्यांच्या शेजारी शिक्षक बसतो. ओव्हरटेक करायचं ते ठरलेल्या जागीच, आणि तेही पुढच्याने खिडकीतून हात काढून 'जा' म्हटल्यावर. रेस नाही, कप नाही, टाळ्या नाहीत. मग कशासाठी जायचं? गाडी चालवायला शिकायला. माझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया हाच आहे: आपण तिथे शिकायला जातो. मग गाडीही शिकण्यासाठी घ्यावी, मिरवण्यासाठी नाही.

आता वजनाचं बघू. ट्रॅकवर जायला लागलो तेव्हा माझ्याकडे एक मोठी व्ही-८ कूपे होती, सतराशे किलोची. सरळ रस्त्यावर काय पळायची! पण ट्रॅकवर सरळ रस्ता थोडा आणि वळणंच जास्त. प्रत्येक वळणाआधी ब्रेक. थोडं अकरावीचं फिजिक्स आठवा. ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर यायचं तर हजार किलोच्या गाडीला साधारण ७.४ लाख ज्यूल उष्णता बाहेर टाकावी लागते. सतराशे किलोच्या गाडीला तेच काम १२.६ लाखांचं. आणि हे एकदा नाही, दर फेरीत पुन्हा पुन्हा. ही उष्णता आधी डिस्क आणि पॅडमध्ये जाते, मग हळूहळू ब्रेक ऑइलमध्ये. डॉट ४ प्रतीचं नवं ब्रेक ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मुरलेल्या तेलासाठी तीच मर्यादा १५५ वर येते. तेल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पायाखालचं पेडल भुसकन खाली जातं.

माझं गेलं. तिसऱ्या फेरीच्या शेवटी. चूक माझीच, ऑइल दोन वर्षांत बदललं नव्हतं. ब्रेक पंपासारखा दाबत दाबत, गियर खाली टाकत कसाबसा पिटमध्ये आलो आणि पाच मिनिटं स्टिअरिंग धरून नुसता बसून राहिलो. हात थरथरत होते. हलक्या गाडीतही जुनं तेल उकळू शकतं, नाही असं नाही. पण हलकी गाडी तुमच्या चुकीला थोडी जास्त मुदत देते.

टायरचंही तेच. टायरवरचं वजन दुप्पट केलं म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. म्हणजे जड गाडी वळणात आधी घसरते आणि टायरही आधी खाते. टायरचं बिल बघितलं की वजनाचं महत्त्व आपोआप पटतं!

आता ताकद. आपण इंजिनिअर मंडळी हॉर्सपॉवरच्या आकड्याला भुलतो. पण शिकणाऱ्यासाठी जास्त ताकद म्हणजे भिकार क्वेरीवर आणखी चार सर्व्हर लावण्यासारखं आहे. चूक असतेच, फक्त दिसत नाही. ४०० हॉर्सपॉवरच्या गाडीत वळणातून वाकडेतिकडे बाहेर पडलात तरी पाय दाबला की भरपाई होते. ११६ हॉर्सपॉवरच्या गाडीत नाही होत. वळणात थोडा वेग वाया घालवला, तर पुढचा सगळा सरळ रस्ता ती गाडी तुम्हाला त्याची आठवण करून देते. रडत रडत जाते बिचारी. पण चूक कुठे झाली ते कळतं, आणि पुढच्या फेरीत सुधारता येतं. डीबग मोड ऑन!

बरं, मग हलक्या गाड्या कोणत्या?

सगळ्यात हलकी म्हणजे केटरहॅम. १९५७ साली लोटसने सेव्हन नावाची गाडी काढली. कॉलिन चॅपमन हा लोटसचा जनक, वजन कमी करण्याचं वेड असलेला माणूस. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमने घेतले आणि ते अजून ती बनवतात. ब्रिटनमध्ये २०२१ साली त्यांनी आणलेली १७० तर फक्त ४४० किलोची! ८४ हॉर्सपॉवर, सुझुकीचं ६६० सीसी इंजिन. जीव टाकावा अशी गाडी. पण माझ्या घरापासून थंडरहिल पावणेतीन तास. हायवेवर अठरा चाकी ट्रकांच्या मधून, त्यांच्या चाकांच्या उंचीवर बसून जायची माझी हिंमत नाही. म्हणजे ट्रेलर आला, तो ओढायला दुसरी गाडी आली, आणि ते सगळं उभं करायला जागा आली. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याने हे स्वप्नातच ठेवावं.

मग एलिस. खोटं कशाला बोलू, मी एकदा एका ओळखीच्या माणसाची दोन फेऱ्या चालवली आहे. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे रस्त्यावरचा खडा न् खडा हाताला कळतो. १९९६ ची पहिली एलिस साडेसातशे किलोच्याही आतली होती. अमेरिकेत २००४ पासून आली ती टोयोटाचं १९० हॉर्सपॉवरचं इंजिन घेऊन, ९०० किलोच्या आसपास. दोन दिवस मी दुसरं काही बोलत नव्हतो, बायको साक्षीला आहे.

पण तिची चासी ॲल्युमिनियमचे भाग गोंदाने चिकटवून केलेली आहे. ती वाकली तर बहुतेक वेळा गाडी भंगारात. पुढचा आणि मागचा सांगाडा फायबरग्लासचा, जवळजवळ अखंड. कोपऱ्याला लागलं तरी काम मोठं. आणि नेहमीचा विमा ट्रॅकवरचं नुकसान सहसा देत नाही. एका दिवसाचा वेगळा ट्रॅक विमा मिळतो, पण गाडी जितकी महाग तितका तो महाग.

यावर मित्राचा हुकमी एक्का: "अरे, २०२१ मध्ये उत्पादन बंद झालं. किंमत वाढतच जाणार. ही गुंतवणूक आहे." मी म्हटलं, बरोबर. म्हणूनच ती ट्रॅकवर नेऊ नकोस! जिची किंमत वाढावी म्हणून तू देव पाण्यात घालून बसणार, तिला तू वळणात मर्यादेपर्यंत ढकलणारच नाहीस. आणि मर्यादा कुठे आहे ते कळलं नाही, तर शिकलास काय?

गेल्या वर्षी थंडरहिलला एका वळणात मी घाबरून मध्येच ॲक्सिलरेटर सोडला. मागची चाकं सुटली, गाडीने गरकन गिरकी घेतली आणि गवतातून धुरळा उडवत उलट्या तोंडाने थांबली. काळा झेंडा, पिटमध्ये बोलावणं, रीतसर समज. नुकसान काय? बंपरला तडा आणि आत ओंजळभर माती. बंपर भंगारवाल्याकडे मिळाला, रंग वेगळा, तसाच लावला. पुढच्या फेरीला मी परत ट्रॅकवर होतो. त्या दिवशी मला कळलं, की वळणात घाबरून पाय उचलायचा नसतो. पुस्तकात दहादा वाचलं होतं, कळलं मात्र त्या गवतात.

ती गाडी म्हणजे जुनी माझदा मियाटा, १९९४ ची. १९८९ साली मियाटा पहिल्यांदा आली तेव्हा १.६ लिटर, ११६ हॉर्सपॉवर आणि ९६० किलोच्या आसपास होती. १९९४ पासून १.८ लिटरचं इंजिन आणि थोडे मोठे ब्रेक आले. २०१६ पर्यंत दहा लाखांवर मियाटा बनल्या, त्यामुळे सुटे भाग कुठेही मिळतात. घेताना सुरुवातीच्या १९९०-९१ च्या गाड्यांचा क्रँकशाफ्ट नीट बघून घ्या, पुढच्या टोकाची ती जुनी दुखणी आहेत. आणि उघड्या गाडीला रोल बार बसवाच. बहुतेक क्लब त्याशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत, आणि बरोबरच आहे. हेल्मेट घातलेलं डोकं रोल बारच्या खाली राहतं की नाही, तेही आधी बसून बघा. उंच लोकांचं इथेच अडतं. मग त्यांनी टोयोटा जीआर ८६ बघावी. १२७५ किलो, डोक्यावर छप्पर, रोज ऑफिसलाही नेता येते.

मियाटात एअरबॅगा जुन्या, अपघातात ती आजच्या गाडीइतकी सांभाळणार नाही, हे मान्य. म्हणून पहिले पैसे टर्बोवर नाही, तर रोल बार, सीट, ब्रेक ऑइल, पॅड आणि शिक्षकावर.

भारतातल्या दोस्तांनो, तुम्हाला मियाटा मिळणार नाही. पण चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईला किंवा कोइम्बतूरच्या करी ट्रॅकला जाणार असाल, तर हजार किलोच्या आतली स्विफ्टसुद्धा याच हिशेबात बसते.

जे फोनवर बोललो नाही ते आता लिहितो. मित्र एच-वन-बी वर आहे. नोकरी गेली तर हातात साठ दिवस. एलिससाठी तो जे पैसे काढणार आहे, ते त्याने आणि वहिनींनी घराच्या डाऊन पेमेंटसाठी तीन वर्षं साठवलेत. आणि हे वहिनींना अजून माहीत नाही, असं मला त्याच्या आवाजावरून वाटलं. लेका, गाडीचं वजन नुसतं किलोत मोजू नकोस. छातीवर जे बसतं तेही वजनच. ते घेऊन वळणात शिरलास तर पाय उचलणारच.

पुढच्या महिन्यात मी थंडरहिलला जातोय. शेजारची सीट रिकामी आहे आणि हेल्मेट माझ्याकडे जास्तीचं आहे. क्लबची परवानगी मिळाली तर ये, बस, दोन फेऱ्या मार. त्यानंतरही एलिसच हवी असेल तर मी गप्प बसेन. पण आधी घरी बोल.