छिंदवाड्याचा धडा : संसर्ग की औषध?

मध्य प्रदेशातील जबलपूर विभागात मोडणाऱ्या छिंदवाडा जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये सर्दी-तापाने आजारी पडलेल्या बालकांची मूत्रपिंडे एकापाठोपाठ एक निकामी होऊ लागली. अनेकांना उपचारांसाठी नागपूरला हलवण्यात आले. वीसहून अधिक बालके दगावली. प्रारंभी संशय व्यक्त झाला तो संसर्गाचा.

हा संशय निराधार नव्हता. जिवाणूंचा तीव्र संसर्ग रक्तात पसरल्यास रक्तदाब खालावतो, मूत्रपिंडांना होणारा रक्तपुरवठा घटतो आणि दाहामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा पोहोचते. पावसाळ्यात बळावणारा लेप्टोस्पायरोसिस तर थेट मूत्रपिंडांवर आघात करतो. वेळीच प्रतिजैविके, शिरेवाटे द्रव आणि गरजेनुसार डायलिसिस मिळाल्यास अशी अनेक बालके बरी होतात.

त्यामुळेच छिंदवाड्यात पाण्याचे, डासांचे आणि रुग्णांचे नमुने तपासण्यात आले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला एका नमुन्यात लेप्टोस्पायरोसिस आढळलाही; परंतु त्यातून इतर मृत्यूंचा उलगडा होत नव्हता. उत्तर मिळाले ते औषधाच्या बाटलीत. तामिळनाडूत तयार झालेल्या आणि जबलपूरच्या वितरकामार्फत पोहोचलेल्या ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. अनुज्ञेय मर्यादा केवळ ०.१ टक्का आहे. ४ ऑक्टोबर २०२५ रोजी मध्य प्रदेश सरकारने या औषधावर बंदी घातली.

महाराष्ट्राला हे विष अपरिचित नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रव्याने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला होता. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली होती.

संसर्ग आणि विषबाधा यांची बाह्य लक्षणे सारखीच भासतात: ताप, उलट्या आणि लघवी कमी होणे. उपचार मात्र भिन्न आहेत. प्रतिजैविकांनी विष उतरत नाही. एकाच परिसरातील अनेक बालकांची मूत्रपिंडे निकामी होत असतील, तर रक्ताच्या तपासणीबरोबरच त्यांना दिलेल्या औषधांची तपासणीही पहिल्याच दिवशी सुरू होणे आवश्यक आहे. दोन वर्षांखालील बालकांना खोकल्याची औषधे देऊ नयेत, अशी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाची सूचना आहे. आजारी बालकाला आठ तासांत लघवी झाली नाही, तर पालकांनी घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. सोबत औषधाची बाटलीही न्यावी. कदाचित निदानाचा धागा तिच्यातच सापडेल.