मधलं नाव

'भगतसिंग-राजगुरू-सुखदेव'. एकदा मोठ्याने म्हणून बघा. तीन माणसं आहेत हे जाणवतच नाही, एकच लांबलचक नाव वाटतं. त्यातला पहिला आपल्याला चेहऱ्यानिशी माहीत: हॅट, मिशी, सगळं. मधला तर मराठी, आमच्या अमरावतीच्या मातीत घाम गाळलेला. पण त्याच्याबद्दल चार वाक्यं बोला म्हटलं तर मंडळी, आपली गाडी थेट फाशीवर येऊन थांबते.

माझं म्हणणं एवढंच की राजगुरूंचं मरण आपण पाठ केलंय, जगणं मात्र ऑप्शनला टाकलंय.

शिवराम हरी राजगुरू. जन्म २४ ऑगस्ट १९०८, पुणे जिल्ह्यातलं खेड, म्हणजे आजचं राजगुरूनगर. वडील लहानपणीच गेले. पोरगा संस्कृत शिकायला काशीला गेला आणि व्यायामाचं शिक्षण घ्यायला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेलं हेच ते मंडळ, ज्याचं पथक १९३६ मध्ये आपले देशी खेळ दाखवायला बर्लिन ऑलिंपिकला गेलं होतं. संस्कृत आणि आखाडा... काय कॉम्बिनेशन आहे बघा!

पुढे १७ डिसेंबर १९२८, लाहोर. लाला लजपतरायांवरच्या लाठीमाराचा बदला म्हणून स्कॉट या अधिकाऱ्याला मारायचं ठरलं होतं. ओळखण्यात चूक झाली आणि सॉन्डर्स मेला. पहिली गोळी राजगुरूंची. हेही सांगायला हवं. नुसता हार घातला की अशा अवघड गोष्टी हाराखाली झाकल्या जातात. लाहोरहून निसटताना भगतसिंग साहेब झाले, दुर्गाभाभी मेमसाहेब आणि राजगुरू त्यांचा नोकर. पुढे आपण त्यांना कायमचा जवळपास तोच रोल देऊन टाकला. २००२ साली भगतसिंगांवरचे दोन हिंदी सिनेमे एकाच शुक्रवारी लागले. दोन्हीत राजगुरू होते, पण बाजूला उभे.

सप्टेंबर १९२९ मध्ये ते पुण्यात पकडले गेले. सरकारने खास वटहुकूम काढून ट्रायब्युनल बसवलं, ज्यावर हायकोर्टात अपीलच नाही. ७ ऑक्टोबर १९३०ला शिक्षा. मार्च १९३१ मध्ये तिघांनी पंजाबच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं: आमच्यावर राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप आहे ना, मग आम्ही युद्धकैदी, फाशी नको, गोळ्या घाला. सरकारने ऐकलं नाही. उलट ठरलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळीच, २३ मार्चला, फाशी दिली आणि रातोरात हुसैनीवालाजवळ सतलजकाठी प्रेतं जाळली. राजगुरू तेव्हा साडेबावीस वर्षांचे होते. आपण त्या वयात कॅम्पस प्लेसमेंटच्या रांगेत असतो.

इथे मला फिलिपिन्सचे होजे रिझाल आठवतात. ३० डिसेंबर १८९६ला मनिलात स्पॅनिश सरकारने त्यांना गोळ्या घातल्या, त्याही पाठमोरं उभं करून. शेवटच्या क्षणी ते वळले, असं सांगतात. पण त्यांच्या देशाने तो क्षण जपून बाकीचं सोडून दिलं नाही. १९५६ साली कायदा करून त्यांचं चरित्र आणि कादंबऱ्या अभ्यासक्रमात सक्तीच्या केल्या. डोळ्यांचा डॉक्टर, कादंबरीकार, हद्दपारीत शाळा चालवणारा मास्तर, असा आख्खा माणूस पोरांपुढे ठेवला.

कुणी म्हणेल, रिझालांनी लिहून ठेवलं, राजगुरूंनी कुठे? अहो, म्हणूनच तर आपली जबाबदारी जास्त! ज्याने स्वतःबद्दल फारसं लिहिलं नाही, त्याच्याबद्दल इतरांनी बोलायचं असतं.

२३ मार्चला स्टेटस ठेवा, जरूर ठेवा. पण २४ ऑगस्टही लक्षात असू द्या. अमरावतीच्या आखाड्यात दंड मारणाऱ्या पोराला त्या दिवशी कुणीतरी सांगावं, 'बाप्पा, इथं तुझ्यासारखाच एक पोरगा होता.' फाशीचं मग सांगू. आधी तो कसा जगला ते सांगू.