पडणारा स्विच आपला दुश्मन नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरची लाइट पहाटे वारंवार जाऊ लागली. शेजारी दिवे सुरू, आमच्याकडेच अंधार. अम्मी वुजूच्या पाण्यासाठी गिझर लावायची आणि थोड्याच वेळात पेटीतला आरसीसीबी पडायचा. वायरमन आला नि म्हणाला, "सर, हा उगाच पडतो. बायपास करतो, कटकट मिटेल."

मी नको म्हणालो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत यावा लागतो. त्यातला काही वाटेत गळून जमिनीत, किंवा माणसाच्या अंगातून, गेला तर हिशेब जुळत नाही. तफावत 30 मिलिअँपिअर होताच घरातला हा स्विच पडतो. एमसीबी जास्त लोडपासून तारा वाचवते. जीव घेणारा करंट तिच्या लेखी किरकोळ असतो.

कधीकधी तो खरोखर नाहक पडतो, हेही मान्य. संगणक, वॉशिंग मशीन अशा प्रत्येक उपकरणातून किंचित गळती होते, ती एकत्र येते. इन्व्हर्टर बसवताना न्यूट्रल चुकीच्या जागी जोडलेला असतो. पण शोधल्याशिवाय 'नाहक' म्हणायचे कसे?

शोध अवघड नाही. सगळ्या एमसीबी बंद करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चालू करा. जिच्यावर तो पडेल, त्या लाइनवरच्या सर्व उपकरणांचे प्लग काढा आणि एकेक लावून पाहा. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण ते फक्त फेज तोडते. सगळ्या एमसीबी बंद असूनही तो पडत असेल, तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकला असण्याची शक्यता असते, नाहीतर स्विचच खराब असतो. अशा वेळी मेगर घेऊन येणारा जाणकार वायरमन बोलवा.

आमच्याकडे गिझरचे एलिमेंट आतून फुटून ओल शिरली होती. बायपास केला असता, तर अम्मीच्या जिवाची राखण फक्त अर्थिंगवर राहिली असती.

दोष एकट्या वायरमनचा नाही. "काहीही करा, पण लाइट चालू करा" असे आपणच त्याला सांगतो. पुढच्या वेळी "आधी गळती शोधा" असे सांगू या. आणि महिन्यातून एकदा आरसीसीबीवरचे टेस्ट बटण दाबून पाहू या. ते दाबल्यावर स्विच पडला नाही, तर तो लगेच बदलायला हवा.